रक्ताचा कर्करोग आणि एक आखूड गुणसूत्र

घरांतील कोणा माणसाला रक्ताचा कर्करोग असल्याचें कळलें, कीं त्यापुढचें डॉक्टरांचें बोलणें आपल्या कानांत शिरत नाहीं. 'गुणसूत्रांची तपासणी करून घ्या' हे शब्दहि असेच वाया जातात. त्या तपासणींत काय पाहतात, तेवढेंच आज सांगणार आहें.

मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रें ४६ असतात, हें १९५६ सालीं ठरलें. तोंवर पुस्तकें ४८ सांगत! त्याच सुमारास अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें पीटर नॉवेल यांनीं कांचपट्टीवरील रक्तपेशी साध्या नळाच्या पाण्यानें धुतल्या. पेशी फुगल्या आणि गुंतलेलीं गुणसूत्रें सुटीं दिसूं लागलीं. पुढें १९६० सालीं त्यांनीं व डेव्हिड हंगरफोर्ड यांनीं जाहीर केलें कीं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारांत एक गुणसूत्र आखूड झालेलें असतें. उरलेला तुकडा गेला कोठें? याचें उत्तर १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं दिलें. गुणसूत्रांचीं छायाचित्रें कातरून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडीत. आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुलें थट्टा करीत. तुकडा हरवला नव्हता. २२ व्या व ९ व्या गुणसूत्रांनीं आपापलीं टोकें बदलून घेतलीं होतीं. त्या सांध्यावर दोन जनुकें जुळून जें प्रथिन तयार होतें, तें पेशींना वाढीचा हुकूम अखंड देत राहतें.

आज हा सांधा तीन रीतींनीं शोधतात. पहिली रीत जुनीच : हाडांतील मगजाच्या पेशी वाढवून, विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवून, सूक्ष्मदर्शकाखालीं सर्व गुणसूत्रें पाहावयाचीं. दुसरीला 'फिश' म्हणतात. माशांशीं तिचा संबंध नाहीं. तींत दोन्ही जनुकांना चकाकणारे निरनिराळे रंग लावतात. रंग वेगळे दिसले तर ठीक, एकमेकांस चिकटले तर रोग. तिसरी पीसीआर. ती लाखभर पेशींतील एखादीहि रोगट पेशी हुडकूं शकते. मात्र जें शोधावयास सांगावें, तेंच तिला सांपडतें. अनपेक्षित बिघाड दिसावयाचा तो पहिल्या रीतींतच. म्हणून जुनी रीत टाकाऊ समजूं नये.

याच प्रथिनाला अडविणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि तेव्हांपासून पीसीआरच्या आंकड्याला मोल आलें. औषधानें कांहीं आठवड्यांतच साधी रक्ततपासणी बहुधा निर्दोष येऊं लागते. 'आतां कशाला हा खर्च?' असें घरचे म्हणतात, तें येथेंच. पण सांधा शिल्लक असतो. दर तीन महिन्यांनीं केलेल्या तपासणींत आंकडा उतरत गेला तर औषध लागू आहे; चढूं लागला तर रोगी गोळ्या नियमित घेतो कीं नाहीं, हें डॉक्टर आधीं विचारतात, आणि मग औषध बदलण्याचा विचार करतात.