सातपुड्यातला मोहसाबण

अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात मोहाची फुलं उन्हाळ्यात वेचतात, बिया पावसाच्या तोंडावर. या बियांचं तेल गारठ्यात तुपासारखं थिजतं, साबणाला तेच हवं. एक किलो तेलाला साधारण 135 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. हातमोजे, चष्मा घाला. सोडा पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं तर नकोच, सोडा ते खातो. हे पाणी तेलात मिसळून घट्ट झालं की वड्या कापून 4 ते 6 आठवडे वाऱ्यावर ठेवा. तोवर पैसे अडकलेले आणि गिऱ्हाईक दारात, खरी परीक्षा इथेच! अंघोळीचा साबण विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आधी काढा.