विटा पाडणाऱ्यांचीं मुलें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा दिवस आनंदाचा आहे. पन्नास वर्षें परमेश्वरानें या धर्मग्रामाचा सांभाळ केला, त्याबद्दल त्याचे उपकार मानण्यासाठीं आपण जमलों आहों. वाडवडिलांनीं अर्धपोटीं राहून हें चर्च उभारिलें, त्यांची आठवण पूर्वीच्या वक्त्यांनीं केलीच आहे. मी मात्र आपलें लक्ष विटांकडे वेधूं इच्छितों. आपल्या घरांच्या भिंती ज्या विटांच्या, त्या पाडणाऱ्यांचीं मुलें शाळेंत जातात काय, हा माझा आजचा विषय आहे.

दिवाळी सरली कीं जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूंचीं कातकरी व इतर आदिवासी कुटुंबें वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत तेथेंच राहतात. घरांत दाणा नसतो तेव्हां भट्टीवाल्याकडून बयाणा घ्यावा लागतो, आणि तो फेडावयास सारें कुटुंब निघतें. आईबाप चिखल तुडवितात, विटा पाडतात. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन बसते. तिचें नांव गांवच्या शाळेच्या हजेरीपटावर असतें, ती मात्र तेथें नसते. मी अनेक वर्षें प्राथमिक शिक्षक होतों. अशा मुलांच्या नांवापुढें ‘गैरहजर’ असें लिहून मी पान उलटीत असें. मूल गेलें कोठें, हें विचारण्यास मला फार उशीर लागला. ती चूक कबूल करण्यासच मी आज उभा आहें.

हा प्रश्न नवा नाहीं. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, कीं सरकारचा पैसा येतो कष्टकरी रयतेकडून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. तरी बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. १९११ सालीं नामदार गोखल्यांनीं त्यासाठीं विधेयक आणिलें, तें पुढील वर्षीं फेटाळलें गेलें. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं आपल्या कोल्हापूर संस्थानांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा आरंभ केला. अखेर २००९ सालीं देशाचा कायदा झाला, व १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. वयाचा दाखला नाहीं म्हणून मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं. आणि स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांचीं मुलें शाळेंत दाखल होतील हें पाहणें स्थानिक स्वराज्य संस्थेचें कर्तव्य ठरलें आहे.

मग उणें कोठें आहे? कायद्यानें दार उघडलें. पण दारापर्यंत येण्याचें बळ गरिबीनें हिरावून घेतलें आहे. “या लोकांस शिक्षणाची आवडच नाहीं,” असें आपण सहज बोलून जातों. तें बोलणें सोपें आहे, पण खरें नाहीं. मोठ्या मुलीनें पाटी हातीं घेतली, तर बाळ कोण सांभाळील?

याचें उत्तर आपल्याच भागांत मिळालें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नाहीं असें पाहून त्यांनीं शाळाच मुलाकडे नेली. पाड्यावरच्या अंगणांत भरली ती अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं रानांत भरली ती कुरणशाळा. पुढें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनीं एकत्र आणिलीं, तेव्हां धाकट्यास पाळण्यांत ठेवून थोरली वर्गांत बसूं लागली. मुलांस दोष न देतां त्यांनीं अडचण दूर केली.

आपल्या ख्रिस्तसभेसही ही वाट परकी नाहीं. १५९७ सालीं संत जोसेफ कालासांझ यांनीं रोम शहरांत गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा उघडली. तीं मुलें रस्त्यावर भटकत होतीं. संतानें त्यांस नांवें ठेविलीं नाहींत, पाटी-पुस्तक दिलें.

तेव्हां माझी विनंति एवढीच. महोत्सवाच्या निधींतून जवळच्या एका भट्टीवर पाळणाघर सुरू करावें. आपल्या तरुणतरुणींनीं आळीपाळीनें सायंकाळीं दोन तास तेथें शिकवावें. दिवाळीनंतर आपल्यापैकीं कोणीं तरी भट्टीवर जाऊन मुलांचीं नांवें लिहून घ्यावीं व त्यांस नजीकच्या शाळेंत दाखल करावें; पावसाळ्यापूर्वीं त्यांच्या गांवच्या गुरुजींस पत्र धाडावें. आणि घर बांधणाऱ्यानें भट्टीवाल्यास विटेचा भाव विचारतांना मुलांचीही चौकशी करावी.

प्रभु येशूनें लेंकरांस जवळ बोलाविलें, तेव्हां वाट अडविणारे परके नव्हते. ते त्याचे शिष्यच होते. ही गोष्ट आपण विसरूं नये. तो दयाघन प्रभु आपणांस बाजूस सरण्याची व त्या लेंकरांस हात धरून पुढें आणण्याची बुद्धि देवो, हीच या मंगल दिनीं माझी प्रार्थना.