गोळीचे नाव लिहून ठेवा
(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या दिवशी केलेले भाषण)



तुमचा वर्ग आज पुरा झाला. तुम्हाला सही करता येते. एसटीची पाटी कोणाला विचारावी लागत नाही. चालक म्हणाले, "गुरुजी, दोन शब्द बोला." आम्ही जन्मभर मास्तरकी केली, तेव्हा बोलायची खोड आहेच. पण आज उपदेश करीत नाही. आमच्याच घरात झालेली एक चूक सांगतो.

आमचे थोरले बंधू शेती करतात. त्यांचे गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी दुखणे थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या, पाच दिवसांच्या. गुडघा हलका झाला. पुढे दुखले की बंधू तीच जुनी चिठ्ठी दुकानात दाखवीत आणि गोळ्या आणीत. पाच दिवसांचे पाच महिने झाले. मग एके दिवशी शौचास डांबरासारखे काळे झाले. बंधू म्हणाले, "खाण्यात काही आले असेल." चौथ्या दिवशी ते घेरी येऊन अंगणात पडले.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले, पोटात जखम होऊन रक्त जात आहे. मग त्यांनी विचारले, "गोळी कोणती? कधीपासून? दिवसाला किती?"

वहिनी म्हणाल्या, "पांढरी. वाटोळी."

चिठ्ठी सदऱ्याबरोबर धुण्यात गेली होती. रिकामी पाकिटे चुलीत गेली होती. आणि आम्ही हेडमास्तर! शाळेतल्या पोरांची हजेरी रोज मांडली, पण सख्ख्या भावाच्या गोळीचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते.

रक्त चढवले, बंधू वाचले. निघताना डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ही बाधा वर कळवायला हवी होती. पण औषधाचे नावच नाही, तर काय कळवणार?" बंधूंचे रक्त गेले ते गेले, पण त्यातून दुसरा कोणी सावधही झाला नाही. ही बोच आम्हाला अजून आहे.

वर कळवायचे म्हणजे कोठे, ते ऐका. नवे औषध बाजारात येण्याआधी काही शे, काही हजार माणसांना देऊन पाहतात. बाजारात आले की तेच औषध लाखो लोक घेतात. त्यांत कोणी म्हातारा असतो, कोणाचे मूत्रपिंड अधू असते, कोणी आणखी चार गोळ्या घेत असतो. हजारांत न दिसलेली बाधा लाखांत दिसते. पण ज्याला बाधली त्याने सांगितले, तरच ती कळणार.

म्हणून भारत सरकारने २०१० साली औषधांच्या बाधेची नोंद ठेवायची योजना सुरू केली. २०११ पासून तिचे मुख्य ठिकाण गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशन या संस्थेत आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत तिची केंद्रे आहेत. आपल्याकडील नोंदी पुढे स्वीडन देशात उप्सला येथे जातात. तेथे जगभरच्या नोंदी एकत्र ठेवतात.

एका नोंदीने काय होते, असे म्हणू नका. थेंबे थेंबे तळे साचे. मेफेनॅमिक ॲसिड नावाचे दुखण्यावरचे औषध आहे. पाळीत पोट दुखले की पुष्कळ बायका ते घेतात. २०२३ साली या कमिशनने आलेल्या नोंदी तपासून इशारा दिला, की या औषधाने क्वचित ड्रेस नावाचा विकार होऊ शकतो. त्यात ताप येतो, अंगावर पुरळ उठते, गाठी सुजतात, यकृतासारख्या आतल्या अवयवांनाही इजा होते. हा विकार बहुधा औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. इतक्या दिवसांनी गोळीची आठवण कोणाला राहणार? वहीत तारीख असेल, तरच धागा जुळेल.

कोणी विचारील, पुरळ गोळीनेच उठले कशावरून? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल! शंका बरोबर आहे. एका नोंदीने औषध दोषी ठरत नाही. जाणकार लोक पुष्कळ नोंदी ताडून पाहतात, मग निर्णय होतो. पारख त्यांनी करायची, सांगायचे आपण. नुसता संशय असला तरी कळवता येते.

डॉक्टर, नर्स, औषधवाला कळवू शकतात, तसा रोगी स्वतःही कळवू शकतो. त्याचा छापील अर्ज मराठीतही आहे. १८००-१८०-३०२४ या नंबरावर फोन फुकट लागतो. सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात.

आता वहीत काय लिहायचे?
१. औषध कोणाला दिले, त्याचे वय.
२. पाकिटावरचे औषधाचे नाव, किती मिलिग्रॅमची गोळी आणि बॅच नंबर.
३. कधी सुरू केले, दिवसाला किती घेतले, कधी थांबवले.
४. त्याबरोबर दुसरी कोणती औषधे चालू होती.
५. काय त्रास झाला, कोणत्या तारखेला.

एक गोष्ट विसरू नका. आधी माणूस, मग नोंद. दुखण्याची गोळी घेताना शौचास काळे झाले, रक्ताची उलटी झाली, दम लागला किंवा तोंड सुजले, तर तडक इस्पितळ गाठा. लघवी कमी झाली, पाय सुजले, अंगावर पुरळ उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा गोळ्या आणू नका. आणि नुसत्या भीतीने रक्तदाबाची किंवा साखरेची औषधे आपल्या मनाने बंद करू नका.

आमच्या वहिनी गेल्या वर्षी याच वर्गात शिकल्या. आता त्यांच्या घरी खुंटीला एक वही टांगलेली असते. परवा बंधूंना नवे औषध दिले, तेव्हा वहिनींनी पाकीट समोर धरून एकेक अक्षर उतरवून घेतले. आम्ही ती वही पाहिली. अक्षर वाकडे आहे. पण गोळीचे नाव बरोबर आहे.