साडेतीनशे सीसीची गाडी आणि लिटरचा हिशेब

भारतात मध्यम आकाराची मोटारसायकल म्हणजे साधारण २५० ते ५०० सीसीची गाडी. युरोप-अमेरिकेत हीच गाडी लहान समजली जाते. इथे मात्र कोट्यवधी लोक शंभर-सव्वाशे सीसीवर रोजचा संसार ओढतात, त्यामुळे साडेतीनशेची गाडी दारात उभी राहिली की ती मोठीच दिसते. या गटाची जुनी ओळख रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्यांची. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली आणि तेव्हापासून हा आकार भारतीय रस्त्यावर टिकून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला करांचाही आधार मिळाला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, अशी रेघ तेव्हा ओढली गेली. ही गाडी लिटरला किती देते आणि चालवायला कशी वाटते, हे दोन प्रश्न विकत घेणारा एकाच दमात विचारतो. त्यांची उत्तरेही एकाच ठिकाणी आहेत, इंजिनाच्या घडणीत.

रॉयल एनफिल्डच्या आजच्या क्लासिक आणि मीटिऑर या गाड्यांमधले इंजिन २०२० च्या नोव्हेंबरात मीटिऑरबरोबर आले. सिलिंडर एकच. त्याचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ८५.८ मिलिमीटर. क्षमता ३४९ सीसी, ताकद वीस अश्वशक्तीच्या जरा वर, तीही मिनिटाला ६१०० फेऱ्यांवर. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, २७ न्यूटन-मीटर आणि तो ४००० फेऱ्यांवरच पूर्ण मिळतो. व्यासापेक्षा धाव लांब असलेले इंजिन सावकाश फिरून जोर देते. गिअर पाचच असले तरी ते पुरतात, कारण पाचव्यात चाळिशीला आलेली गाडीही मूठ पिळली की खोकत नाही, खेचते.

ही गाडी शंभर सीसीच्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल का पिते, याचे पहिले कारण वजन. क्लासिक १९५ किलोची आहे आणि नेहमीची शंभर सीसीची गाडी ११० ते ११५ किलोंची. दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जायला चाकाशी तीन-साडेतीन अश्वशक्ती पुरते. वीस अश्वशक्तीचे इंजिन तेव्हा जेमतेम मूठ उघडून चाललेले असते. हवेच्या वाटेवरची झडप बरीचशी मिटलेली, आणि पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. त्या ओढाताणीत काही ताकद फुकट जाते. लहान इंजिन त्याच वेगाला जास्त उघड्या झडपेने चालते आणि पेट्रोलाचा जास्त भाग चाकापर्यंत पोचवते.

पण खरा खर्चिक प्रवासी वारा आहे. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चा वेग ९० केला की रोध सव्वादोन पट होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद जवळजवळ साडेतीन पट. ताठ बसून चालवायच्या या गाडीवर स्वाराची छाती वाऱ्याला सरळ सामोरी जाते. ऐंशीला चाकाशी सहा-साडेसहा अश्वशक्ती लागते, शंभरला अकराच्या घरात. म्हणून तीच गाडी, तोच स्वार आणि तेच पेट्रोल असूनही ६० च्या आसपास चाळीस, ऐंशीला पस्तिसाच्या जरा खाली आणि शंभर धरून ठेवले तर सव्वीस-सत्तावीस असे आकडे येतात. चहाच्या टपरीवर दोघे जण एकाच गाडीच्या ॲव्हरेजवरून हुज्जत घालतात तेव्हा बहुधा दोघेही खरे बोलत असतात. वेग मात्र कोणीच सांगत नाही.

कंपनीच्या कागदावरचा आकडा रस्त्यावर येत नाही, ही तक्रार जुनी आहे. हे आकडे चाचणी संस्थांमध्ये काढले जातात. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही त्यांतली सर्वांत परिचित. तिथे गाडीचे मागचे चाक रुळांवर फिरवतात, रस्त्याचा आणि वाऱ्याचा सरासरी रोध रुळांवर लादतात, आणि ठरवून दिलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत जातात. मोजमाप चोख असते. त्यात मागे बसलेला माणूस नसतो, समोरून येणारा वारा नसतो, अर्धा क्लच दाबून पुलावर अडकलेली वीस मिनिटे नसतात. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा उत्तम, घरखर्चाचा अंदाज बांधायला कच्चा. शहर आणि महामार्ग मिळून लिटरला बत्तीस ते छत्तीस किलोमीटर मिळत असतील, तर ३५० सीसीची गाडी निरोगी आहे असे समजायला हरकत नाही.

घरी मोजायची पद्धत सोपी आहे, पण ती धड पाळली जात नाही. पूर्वी पेट्रोलचा कॉक फिरवून रिझर्व्ह ते रिझर्व्ह मोजत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आणि कॉकही गेला. आता टाकी फुल ते टाकी फुल हाच मार्ग. गाडी मधल्या स्टँडवर किंवा सरळ उभी धरून ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरायचे, किलोमीटरचा आकडा शून्य करायचा, टाकी बरीचशी रिकामी होईपर्यंत चालवायची आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायची. ३८५ किलोमीटरांना ११ लिटर लागले तर ॲव्हरेज ३५. एका बाजूला कललेल्या गाडीत पेट्रोल कमी-जास्त बसते आणि शंभर रुपयांच्या पेट्रोलवर काढलेला हिशेब हमखास फसतो. दोन-तीन टाक्यांची सरासरी घेतली म्हणजे आकडा भरवशाचा.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात साधारण २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दुचाकींचे ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. पस्तीस देणाऱ्या गाडीला हा फरक किलोमीटर-सव्वा किलोमीटरचा पडतो. अर्ध्यावर आलेल्या ॲव्हरेजचा दोष इथेनॉलवर टाकणाऱ्याने आधी ब्रेक, चेन आणि एअर फिल्टर पाहावेत. इथेनॉलचा खरा त्रास वेगळा आहे. ते हवेतला ओलावा शोषते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी ठेवलेली गाडी दिवाळीला काढली की आचके देते ती यामुळे. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवणे बरे. उलट बाजूला, १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल या इंजिनात घालून फायदा नाही. त्याचे दाबाचे प्रमाण ९.५ ला १ एवढेच आहे, आणि जास्त ऑक्टेन कामी येते ते जास्त दाबाच्या इंजिनात.

घाटात काय होते हेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना गाडी सुमारे तेराशे मीटर चढते. गाडी आणि स्वार मिळून २७० किलो वजन एवढ्या उंचीवर नेण्याचा निव्वळ खर्च अर्ध्या लिटरच्या आतला आहे. चढावर पेट्रोलची पातळी झपाट्याने खाली येताना पाहून जीव घाबरतो, पण यातले बरेचसे उतारावर वसूल होते. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून मूठ सोडली की संगणक पेट्रोल तोडतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल करून उतारावर गाडी सोडणारे पेट्रोल वाचवण्याच्या समजुतीने ते जाळतच असतात, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच. शिवाय इंजिनाचा ब्रेक गेला की आंबेनळीसारख्या वळणांवर सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. १९५ किलोच्या गाडीला हे परवडणारे नाही.

आता चालवण्याचा अनुभव. एकच सिलिंडर असलेल्या चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला पंचवीस स्फोट. तोच तो धडधडीचा आवाज. जुन्या बुलेटमध्ये ही धडधड कानापुरती राहत नसे. ऐंशीच्या पुढे हँडल, पायाखालचे रबर आणि आरसा सगळेच थरथरत, आरशात मागची गाडी ट्रक आहे की जीप ते कळत नसे आणि लांबून आलेल्या माणसाचे तळवे बधिर होत. नव्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट बसवला आहे. पिस्टनच्या हेलकाव्याला तो उलट हेलकावा देतो. आवाज राहिला, थरथर बहुतांशी गेली. जुन्या बुलेटवाल्यांना हे पचायला वेळ लागला, पण मणक्यांच्या दृष्टीने सौदा फायद्याचा आहे.

साठ ते पंचाऐंशी हा या गाडीचा खरा पट्टा. इंजिन चार हजार फेऱ्यांच्या आत, मूठ हलकी, आणि बोगीत बसल्यासारखी लय. दोन पदरी रस्त्यावर एसटीला ओव्हरटेक करायला गिअर न बदलता जोर मिळतो, मात्र नव्वदीतून झटक्यात पुढे जायचे तर ती वेळ घेते. तिथे वीस अश्वशक्ती आणि १९५ किलोंचे वजन यांचा हिशेब उघडा पडतो. शहरात वजन उभ्यापुरते जाणवते. गाडी मागे ढकलून पार्किंगमधून काढताना उंचीने कमी असलेल्या स्वाराची परीक्षा होते. एकदा चालायला लागली की ती सुतासारखी सरळ जाते, डबलसीटला दबत नाही, आणि पुढच्या १९ इंची चाकामुळे खड्ड्यात बुडत नाही. उन्हाळ्यात सिग्नलला उजव्या पोटरीला इंजिनाची धग लागते ती मात्र लागतेच.

याच गटातली वेगळ्या प्रकृतीची गाडी चाकणला बनते. बजाजने ट्रायम्फसाठी जुलै २०२३ मध्ये आणलेल्या स्पीड ४०० चे इंजिन ३९८ सीसीचे. व्यास ८९ मिलिमीटर आणि धाव फक्त ६४. ताकद ४० पीएस, पण ८००० फेऱ्यांवर. पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर, वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. गंमत अशी की दोन्ही इंजिने आपापल्या कमाल ताकदीवर असताना पिस्टनचा सरासरी वेग सारखाच, सेकंदाला सतरा मीटर. लांब धाव असलेले ६१०० फेऱ्यांतच तिथे पोचते, आखूड धाव असलेल्याला ८००० लागतात. त्या जादा फेऱ्यांतून आणि मोठ्या सिलिंडरातून दुप्पट ताकद निघते. ही गाडी पाच हजारांच्या पुढे जिवंत होते आणि तिथेच तिचे ॲव्हरेज पंचविसाकडे येते. सांभाळून चालवली तर तीस मिळतात, पण मग तिच्यातले जे वेगळे आहे ते बाजूलाच राहते.

दोन गाड्यांतला फरक इथे आहे. साडेतीनशेच्या लांब धावेच्या इंजिनाला ज्या वेगात गोडी आहे, त्याच वेगात ते कमी पिते. चारशेच्या चपळ इंजिनात मजा एका टोकाला आणि काटकसर दुसऱ्या.

देखभालीत पेट्रोल वाचवणाऱ्या गोष्टी फार नाहीत. टायरमधली हवा पंधरवड्याला पुस्तिकेप्रमाणे तपासणे, चेन ना ताणलेली ना सैल, तिला पाचशे-सातशे किलोमीटरांनी आणि पावसात भिजल्यावर तेल. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर मुदतीआधी बदलावा. सिग्नल अर्ध्या मिनिटाहून मोठा असेल तर इंजिन बंद करावे. बाकी बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या पट्ट्या आणि पेट्रोलात टाकायच्या बाटल्या यांवर पैसे घालवू नयेत.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याने शेवटी एवढे गणित मांडावे. लिटरला पस्तीस देणाऱ्या गाडीला साडेअठ्ठावीस लिटर लागतात, पासष्ट देणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला साडेपंधरा. पेट्रोल शंभर रुपये धरले तरी फरक महिन्याला तेराशे रुपये. ज्याचे सगळे फिरणे गावातल्या गावात आहे, त्याला हे तेराशे जड जातील आणि त्याने लहान गाडीच घ्यावी. ज्याला आठवड्या-पंधरवड्याने दोन-तीनशे किलोमीटर डबलसीट जायचे असते, त्याला साडेतीनशेची गाडी या पैशांत स्वस्त पडते.