आतड्याला जात नसते

(फुलंब्रीत तरुण मित्रांपुढे केलेलं भाषण)

दोस्तांनो,

माणूस काय पितो यावर मी बोलणार आहे. पाणी, चहा, दारू, रंगीत बाटली. सगळं शेवटी जातं आतड्यात. तिथं आतून पेशींचा एकच थर असतो. तीन-पाच दिवसांत ही भिंत नवी उभी राहते. अन्न आत घ्यायचं, घाण बाहेर ठेवायची, हे तिचं काम. ती कुणाची जात विचारत नाही. जात विचारली जाते पाणवठ्यावर. म्हणून तर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं.

आता दारू. हातभट्टी घ्या नाहीतर इंग्लिश, शरीर तिचं असिटाल्डिहाइड करतं. त्यानं पेशींमधले सांधे ढिले पडतात. मग जंतूंचं विष रक्तात शिरतं आणि थेट लिव्हरवर जातं. दिवसभराची मजुरी देऊन आपण आपलीच भिंत पाडतो.

चहा तसा गरिबाचा सोबती. पण जेवणासोबत तो नको. त्यातलं टॅनिन भाजी-भाकरीतलं लोह बांधून ठेवतं, पेशीला ते उचलता येत नाही. आपल्या आयाबहिणी चहा-भाकरीवर दिवस काढतात, अन् वर डॉक्टर म्हणतो, अंगात रक्त नाही! तासभर थांबून चहा घ्या. भाकरीसोबत लिंबू खा.

आता जगण्यामरण्याचं सांगतो. कॉलऱ्याचं विष पेशीचं एक दार उघडं टाकतं. क्षार आणि पाणी भडाभडा बाहेर. पण दुसरं एक दार शाबूत राहतं. त्यातून साखर आणि मीठ जोडीनं आत जातात, मागोमाग पाणी. ही जोडी रॉबर्ट क्रेननं १९६० साली प्रागमध्ये मांडली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. बनगावला सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रम भरून ठेवलं. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजलं. जिथं शंभरात तीसपर्यंत माणसं मरत होती, तिथं चारपेक्षा कमी मेली.

दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीट म्हणजे हेच. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवू नका. घोट-घोट पाजत राहा. पोराचे डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर पाजत-पाजतच दवाखाना गाठा.

आणि ती रंगीत बाटली? ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर. ओआरएसच्या अख्ख्या लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. जुलाब लागलेल्या पोराला ती पाजू नका.

मीठ घरात आहे. साखर उधारीवर मिळेल. राहिलं पाणी. ते टँकरनं येत असेल, तर त्यात क्लोरीन टाकलंय का, हे तिथल्या तिथं विचारा. वस्तीला नळ नसेल तर पंचायतीला लेखी जाब विचारा, पोच घ्या, पुन्हा जा. पेशीनं आपलं दार उघडं ठेवलंय. पाण्याचं दार आपल्याला उघडून घ्यायचंय.

जय भीम!