दहाची ट्यूब की दीडशेची?

मी बोलतोय पालमहून, जिल्हा परभणी. हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय तुमच्या खिशाचाही आहे आणि दातांचाही.

पालमच्या कुठल्याही किराणा दुकानात जा. एका बाजूला दहा रुपयांच्या ट्यूबा टांगलेल्या, शाम्पूच्या पुड्यांच्या शेजारी. वरच्या फळीवर चकचकीत खोक्यातली दीडशेची पेस्ट. प्रश्न साधा आहे: स्वस्तातली पेस्ट महागड्या पेस्टइतकंच काम करते का?

उत्तर आधी सांगतो, मग कारण. दात किडू नयेत एवढंच हवं असेल तर हो, करते. अट एकच, तिच्यात पुरेसं फ्लोराइड पाहिजे.

आता हे फ्लोराइड करतं काय? आपण गोड खातो, चहा पितो, बिस्किटं खातो. तोंडातले जंतू त्या साखरेवर ताव मारतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लात दाताच्या वरच्या कडक थरातली खनिजं विरघळतात. लाळ ही झीज थोडीफार भरून काढते, आणि फ्लोराइड असलं की भरपाई जास्त पक्की होते. कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१९च्या आढाव्यातही हेच निघालं की फ्लोराइड नसलेल्या पेस्टपेक्षा फ्लोराइडची पेस्ट किडीपासून जास्त वाचवते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तर फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

आपल्याकडचा नियम असा: पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, म्हणजे एक किलो पेस्टमागे जास्तीत जास्त एक ग्रॅम. आणि तो आकडा ट्यूबवर छापलेला हवा. ही मर्यादा दहाच्या ट्यूबलाही तीच आणि दीडशेच्या ट्यूबलाही तीच! मग वरचे पैसे कशाचे? चव, सुगंध, रंग, खोकं, आणि टीव्हीवरचा पांढरा कोट घातलेला माणूस. फेस जास्त झाला म्हणजे दात जास्त स्वच्छ, असंही नाही. फेस साबणासारख्या घटकाने येतो.

आता हिशोब. समजा चार जणांचं घर, दोन वेळा दात घासतात, एका वेळी एक ग्रॅम पेस्ट. महिन्याला २४० ग्रॅम. १०० ग्रॅमला ५० रुपयांची पेस्ट घेतली तर १२० रुपये, १५० रुपयांची घेतली तर ३६०. वर्षाचा फरक २,८८० रुपये. मजुरीवर चालणाऱ्या घरात ही कित्येक दिवसांची रोजी झाली, भाऊ.

मग महागडी पेस्ट कधीच घ्यायची नाही का? तसं नाही. गार पाणी लागलं की दात ठणकत असतील, तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट काही आठवडे वापरून आराम पडू शकतो. पण एकच दात ठणकत असेल तर तिथे कीड असू शकते. ती पेस्टने बरी होत नाही, डॉक्टरलाच दाखवावं लागतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दातांचा विभाग असतो.

चारकोल पेस्टचं तर मला हसूच येतं. आपल्या आज्या राखुंडी लावायच्या तेव्हा ते गावंढळ होतं, आता तोच काळा रंग ट्यूबमध्ये भरला की फॅशन! ‘हर्बल’ लिहिलेल्या पेस्ट घेतानाही नीट बघा. लवंग, कडुनिंब असेल, पण बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्टही खोडून टाकू. ट्यूबच्या तळाला हिरवी पट्टी असली तर नैसर्गिक, काळी असली तर केमिकल, हे साफ खोटं आहे. ती खूण पॅकिंगच्या मशीनला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून असते.

आता आपल्या भागातल्या दोन गोष्टी. पहिली, पाणी. नांदेडचा किनवट भाग, यवतमाळ, चंद्रपूर इथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून असं पाणी प्यायलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि ‘व्हाइटनिंग’ पेस्टने ते जात नाहीत. गावात बऱ्याच पोरांचे दात असे दिसले तर ग्रामपंचायतीला पाणी तपासायला सांगा. पेस्टही गिळायची नसते. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरे.

दुसरी, मिश्री. १९९२ साली सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री अजून सुटलेली नाही. माझ्या आजीलाही ‘मिश्री लावल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.’ तिला मी रागावत नाही, पण सांगत राहतो की आजी, हे मंजन नाही, तंबाखू आहे, याने तोंडाचा कॅन्सर होतो. तुमच्याही घरात कुणी लावत असेल तर पेस्ट दहाची की दीडशेची हा वाद नंतर, आधी तो डबा बंद करा.

तर आज घरातली ट्यूब हातात घ्या. अक्षरं लई बारीक असतात, म्हणून मोबाईलचा कॅमेरा झूम करा. फ्लोराइड लिहिलंय का? आकडा १०००च्या जवळ आहे का? मुदत संपली नाही ना? कंपनीचं नाव आणि स्पेलिंग नीट आहे का? नकली माल बाजारात येतो. एवढं जमलं की जी स्वस्त मिळेल ती घ्या. रात्री झोपताना घासायचं चुकवू नका, आणि घासून झाल्यावर नुसतं थुंका. लगेच खळखळून चूळ भरली की फ्लोराइड सगळं मोरीत जातं.

पुढच्या भागात ब्रशबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, राम राम!