बारा गरीब मुलांची शाळा



या मालेत दरवर्षी प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात, एखादे वर्षी मंत्रीही येऊन जातात. आठवीतून शाळा सुटलेल्या एका युनियनवाल्याने इथे उभे राहून विलायतेतील एका श्रीमंत शाळेविषयी बोलावे, हे चिटणिसांना कसे सुचले ते त्यांनाच ठाऊक. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सहावीत होतो. दोन वर्षांनी वह्या सुटल्या आणि पाठीवर गोणी आली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा उठल्यावर. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य शोधू नका.

काही वर्षांपूर्वी वाहतूक कामगारांच्या एका बैठकीसाठी आम्ही लंडनला गेलो होतो. तेथील एका बस ड्रायव्हरने आपल्या सुटीच्या दिवशी आम्हाला शहराच्या दक्षिणेकडे फिरायला नेले. मोठमोठी झाडे, खेळाची हिरवीगार मैदाने, त्यांच्यामागे लाल विटांची राजवाड्यासारखी इमारत. थोडे पुढे त्याच रस्त्यावर टोलनाका! टोलनाका पाहून आम्हाला घरी आल्यासारखे वाटले. आम्ही म्हणालो, "हा कोणा सरदाराचा वाडा दिसतो." तो म्हणाला, "नाही, शाळा आहे. माझे काका इथे शिकले. माझे आजोबा ट्रॅम हाकत असत." ट्रॅमवाल्याचा मुलगा या वाड्यात कसा शिरला, एवढ्या एका कुतूहलातून पुढचे सारे वाचन घडले.

शाळेचे नाव डलिच कॉलेज. कॉलेज म्हणतात, पण ती मुलग्यांची शाळाच. ती सरकार चालवीत नाही, विश्वस्त चालवितात. बहुतेक मुले रोज घरून येतात आणि शंभरावर मुले आवारातील वसतिगृहांत राहतात.

ती काढली एका नटाने. एडवर्ड ॲलेन हा शेक्सपियरच्या काळातला मोठा नट. मार्लोच्या नाटकांतला तैमूरलंग आणि डॉक्टर फॉस्टस प्रथम गाजविले ते याने. बाप खाणावळ चालवीत असे. हा पुढे नाटकगृहांचा भागीदार झाला, आणि अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे जे खेळ तेव्हा लंडनकर पैसे मोजून पाहत, त्यांचाही ठेका त्याने सासऱ्याबरोबर घेतला. सासरे नाटककारांना उचल देत आणि ती वहीत टिपून ठेवीत; ती वही आजही शाळेच्या दप्तरात आहे. ती उचलीची पाने छापलेली पाहिली तेव्हा आम्हाला आमचे मुकादम आठवले. असो. ॲलेनला मूल नव्हते. त्याने डलिच गावची जमीन विकत घेतली आणि २१ जून १६१९ रोजी राजाची सनद मिळवून धर्मादाय संस्था स्थापिली. सहा गरीब म्हातारे, सहा गरीब म्हाताऱ्या आणि बारा गरीब मुले यांनी तेथे राहावे, जेवावे आणि मुलांनी शिकावे, अशी योजना होती.

इथवर गोष्ट सरळ आहे. परंतु मालकीण जमीन झाली की गोष्टी सरळ राहत नाहीत. लंडन वाढत गेले तसे जमिनीचे उत्पन्न वाढत गेले, आणि मुले मात्र बाराची बाराच राहिली. ॲलेनने नियम घालून दिला होता की संस्थेचा प्रमुख ॲलेन आडनावाचाच असावा आणि अविवाहित असावा. दोनशेहून अधिक वर्षे लायकीऐवजी आडनाव पाहून प्रमुख नेमले गेले. घर मिळे, उत्पन्न मिळे, शिकविण्याची फारशी घाई नसे. असे विश्वस्त आपल्याकडे दाखवा असे आम्ही म्हणणार नाही. सभेत बरीच मंडळी बसली आहेत.

शेवटी १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे बंड पेटले त्याच वर्षी, पार्लमेंटने कायदा करून ती जुनी व्यवस्था मोडली. रेल्वे कंपन्यांनी रुळांसाठी जमीन घेतली, तिचा मोबदला आला, आणि १८७० मध्ये तो लाल विटांचा वाडा उघडला. आता शाळा खरोखर शाळा झाली. लॅटिन-ग्रीकची एक शाखा, आधुनिक भाषांची एक, पुढे विज्ञानाची आणि इंजिनिअरिंगचीही. पण ती फी भरणाऱ्यांची शाळा झाली. बारा गरीब मुलांच्या नावाने आलेल्या जमिनीवर मध्यमवर्गाची शेकडो मुले शिकू लागली.

तेथील दिनक्रम आम्ही काकांकडून ऐकला. ते आता ऐंशीच्या घरातले. त्यांनीच नंतर एके दिवशी आम्हाला आत नेले. सकाळी वर्ग, दुपारी रग्बी किंवा क्रिकेट, मग घरून येणारी मुले गाडी पकडून जात आणि बोर्डर मागे राहत. प्रत्येक मुलगा कोणत्या ना कोणत्या गटात असतो. गटांना मार्लो, स्पेन्सर, रॅले, ड्रेक अशी नावे. संध्याकाळी जेवणानंतर बोर्डरांचा अभ्यासाचा ठरलेला वेळ. त्या वेळात कोणी हाक मारायची नाही, बाजारात पाठवायचे नाही, धाकट्याला सांभाळायला सांगायचे नाही. काका म्हणाले, "आम्ही दहा-बारा जण एका वेळी दिव्याखाली बसलेले बोर्डर खिडकीतून पाहत असू आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर वडिलांचे ताट सरकवून गणिते करीत असू." त्यांनी शाळेच्या इमारतीचे, मास्तरांचे, खेळाचे पुष्कळ वर्णन केले, पण आमच्या मनात राहिले ते हे सरकवलेले ताट.

बोर्डरांचेही सगळे आलबेल होते असे नाही. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस याच शाळेत वाढले. पुढे ऑक्सफर्डला जायची त्यांची तयारी होती. वडील हाँगकाँगला न्यायाधीश होते, त्यांचे पेन्शन रुपयांत मिळे, आणि त्या वर्षांत रुपयाचा भाव घसरत होता. ऑक्सफर्ड राहिले, १९०० साली वुडहाउस बँकेत कारकून झाले. आपल्या रुपयाने एका विलायती मुलाचे कॉलेज बुडविले, हे वाचून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. शाळा सुटली की कसे वाटते ते ठाऊक आहे.

काकांनी आत नेले ते एक होडी दाखवायला. अर्नेस्ट शॅकलटन हा दक्षिण ध्रुवाकडे गेलेला दर्यावर्दी या शाळेत घरून येणारा विद्यार्थी होता. १८९० साली सोळाव्या वर्षी शाळा सोडून जहाजावर गेला. १९१५ मध्ये त्याचे जहाज बर्फाने चिरडून बुडाले, आणि १९१६ मध्ये सहा माणसे साडेबावीस फुटी होडीतून जगातला सर्वांत खवळलेला समुद्र सुमारे तेराशे किलोमीटर कापून मदत आणायला गेली. मागे राहिलेल्यांसह सर्व वाचले. ती होडी शाळेत ठेवलेली आहे. मुले तिच्यासमोरून जातात.

होडीचे नाव जेम्स केर्ड. हे डंडीच्या ताग-गिरण्यांचे मालक. त्यांनी मोहिमेला पैसा दिला. डंडीचा ताग कुठून येई ते बंगालच्या शेतकऱ्याला विचारा. आणि त्या उघड्या होडीच्या कडा पेट्यांच्या फळ्यांनी उंच केल्या, वर कॅनव्हास ताणला, फटी दिव्याच्या वातीने, रंगाने आणि सीलच्या रक्ताने बुजविल्या, तो सुतार हॅरी मॅकनिश. जहाज बुडाल्यावर बर्फावरून होड्या ओढताना याने एकदा नकार दिला होता. म्हणाला, आमचा करार जहाजावरचा होता. जहाज गेले, करार संपला. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा मुद्दा ओळखीचा वाटतो. शॅकलटनने बहुतेकांना ध्रुवपदक मिळवून दिले, मॅकनिशचे नाव यादीतून गाळले. १९३० साली न्यूझीलंडमध्ये तो कंगाल अवस्थेत वारला. होडी पाहताना आम्ही काकांना विचारले, "हे मुलांना शिकवतात का?" ते म्हणाले, "आमच्या वेळी शॅकलटन शिकवला. सुतार मला निवृत्त झाल्यावर कळला."

आता ट्रॅमवाल्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात शाळेची आर्थिक स्थिती खालावली, १९४४ मध्ये उडत्या बॉम्बने इमारतींचे नुकसान झाले. तेव्हाचे मुख्याध्यापक ख्रिस्तोफर गिल्क्स यांनी आजूबाजूच्या स्थानिक सरकारांशी बोलणी केली : परीक्षा घ्या, निवडलेली मुले पाठवा, फी तुम्ही भरा. शाळा वाचविण्याचा हा व्यवहार होता, यात संतपण फारसे नव्हते. पण परिणाम असा की १९५० च्या सुमारास दर दहा मुलांतली आठ-नऊ सार्वजनिक पैशावर शिकत होती. ड्रायव्हर, कारकून, दुकानदार यांची मुले. आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शिष्यवृत्त्या या शाळेने मोठ्या संख्येने मिळविल्या त्या याच काळात. मुलांची बुद्धी एका दशकात वाढली नव्हती. दार उघडले होते.

मग दार लोटले गेले, आणि ते आमच्याच बाजूच्या माणसांनी लोटले, हे सांगणे भाग आहे. १९७० नंतरच्या काळात मजूर पक्षाच्या नगरपालिका म्हणाल्या, आमच्या सर्व मुलांच्या शाळा सुधारायच्या सोडून चार हुशारांसाठी खासगी शाळेला पैसा का द्यावा? प्रश्न चुकीचा नाही. आम्ही त्या सभेत असतो तर बहुधा हात वर केला असता. पण ट्रॅमवाल्याच्या पुढच्या मुलाचे काय झाले, हे विचारायलाही कोणी तरी उभे राहायला हवे होते. १९८० साली सरकारने फीत मदतीची दुसरी योजना आणली, तीही १९९७ मध्ये बंद झाली. १ जानेवारी २०२५ पासून तिकडे खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के व्हॅट लागू झाला. डलिचला घरून येणाऱ्या मुलाची वर्षाची फी आता पंचवीस हजार पौंडांच्या वर आहे, आपल्या पैशांत पाव कोटीहून अधिक. राहणाऱ्याची त्याच्या जवळजवळ दुप्पट. शाळा काही मुलांना सवलत देते, काहींना पूर्ण माफीही. काकांचा नातू तिथे नाही.

परत आल्यावर आम्ही युनियनच्या कार्यकारिणीत ठराव मांडला की सभा नसेल त्या रात्री कचेरी सभासदांच्या मुलांना अभ्यासाला द्यावी. खजिनदारांनी विजेच्या बिलाचा प्रश्न काढला. दुसऱ्या एकाने विचारले, बिनसभासद हमालाचे पोर आले तर हाकलायचे का? दोन तास वाद झाला. ठराव एका मताने पास झाला, आणि हाकलायचे नाही असे ठरले. सध्या चौदा मुले बसतात, त्यांत पाच मुली. साडेसात ते दहा कोणी त्यांना हाक मारायची नाही. स्वतः अध्यक्षांनाही आम्ही एकदा जिन्यात थांबवले. खुर्च्या पुरतात. पंखा मात्र एकच आहे आणि तोही दाराकडे तोंड करून. कोणाकडे चालू स्थितीतला पंखा पडून असेल तर चिटणिसांकडे नाव द्यावे, आम्ही येऊन घेऊन जाऊ.